‘पाणी परत आलंय, डॉक्टर’: एका डोळ्याची पावणेतीन वर्षं

गेल्या आठवड्यात आमच्या विभागात मागच्या तीन वर्षांच्या ऑपरेशनांचा हिशोब चालला होता, कुणाचा सक्सेस रेट किती वगैरे, आणि एकाच बाईंचं नाव दोन तक्त्यांत आलं. एकदा अश्रुनलिकेच्या ऑपरेशनच्या तक्त्यात आणि एकदा बुबुळ बदलण्याच्या. दोन्हीकडे नावापुढे "सक्सेस". आणि मला तर आठवत होतं की या बाई माझ्याकडे जितक्यांदा आल्या त्यातल्या बहुतेक वेळा खुर्चीत टेकता टेकता एकच वाक्य बोलल्यात, "पाणी परत आलंय, डॉक्टर." म्हणून म्हटलं ही केस एकदा सगळी लिहूनच काढू. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत, बाकी जे झालं ते झालं तसंच आहे, माझ्या चुकीसकट.

मी कॉर्निया बघतो, म्हणजे बुबुळाचं, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचं काम. अश्रुनलिका, पापण्या हे आमच्या ऑक्युलोप्लास्टीच्या मॅडमचं खातं. हे खातेवाटप लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घात केलाय.

काकू, वय ६१, पहिल्यांदा आल्या तेव्हा उजवा डोळा मिटलेलाच होता आणि मुलगा हाताला धरून आणत होता. दहा दिवसांपूर्वी झाडाची बारीक फांदी डोळ्याला लागली, दोन दिवस खुपलं, मग लाल झालं, मग घरात पडलेला कुठलातरी ड्रॉप घातला (बाटली बघितली तर त्यात स्टिरॉइड, अर्थात), दोन दिवस बरं वाटलं आणि मग एका रात्रीत असं दुखायला लागलं की झोप नाही. फॉर्म भरताना मी जुन्या आजारांचं विचारलं तर मुलगा म्हणाला, "या डोळ्यातून पाणी गळतं तिच्या, पाचसहा वर्षं झाली, सकाळी चिपडांनी डोळा चिकटलेला असतो." त्यावर काकूंनी त्यालाच गप्प केलं, "अरे ते जुनंच आहे, ते सोड. डॉक्टर, तुम्ही हे दुखतंय ते बघा."

बघितलं. दृष्टी म्हणाल तर डोळ्यासमोर हात हलवला तर हललेला कळतो, बस एवढीच. बुबुळाच्या मधोमध साधारण ४ मिमीचा अल्सर, म्हणजे जखम, राखाडी-पिवळा, एका बाजूची कड आत पोखरलेली आणि पुढे सरकणारी, दुसरी बाजू त्यामानाने शांत. आत बुबुळ आणि बाहुलीच्या मधल्या जागेत तळाला २ मिमी पू साचलेला, बाटलीत गाळ बसतो ना तसा सरळ रेषेत. असा एका कडेने सरपटत जाणारा अल्सर दिसला की जुने शिक्षक एकच गोष्ट सांगायचे, बोट कुठे ठेवायचं ते. नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या जरा खाली, हाडाच्या कडेवर बोट ठेवलं आणि हलकेच दाबलं. खालच्या पापणीच्या कडेला जे टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं त्यातून घट्ट पिवळा पू वर आला, पापणीच्या कडेवरून घरंगळला आणि थेट अल्सरवर जाऊन पसरला. बोट काढलं, थांबलो, परत दाबलं, परत आला. मुलगा शेजारी उभा राहून बघत होता, त्याचा चेहराच उतरला. सहा वर्षांत हे बोट कुणी ठेवलं नव्हतं, ड्रॉप मात्र चार प्रकारचे देऊन झाले होते. जुनी माणसं याला लासरू म्हणायची, म्हणजे दुखणं काही नवीन नाही आणि तपासणी फुकटची, मशीन लागत नाही.

आता हे होतं कसं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. अश्रू डोळ्यावरून वाहून आतल्या कोपऱ्यातल्या दोन बारीक भोकांतून आत जातात, तिथून नाजूक नळ्यांतून अश्रुपिशवीत, आणि पिशवीतून हाडातल्या बोगद्यामधून खाली नाकात. रडल्यावर नाक गळतं ते याच वाटेने. हा बोगदा बायकांमध्ये मुळात जरा अरुंद असतो, पन्नाशीनंतर तो आतून सुजत सुजत बंद होण्याचं प्रमाण बायकांमध्येच जास्त दिसतं. बंद झाला की पिशवी म्हणजे डबकं. पाणी साचलं, जंतू वाढले, आणि दर पापणी मिटण्यासरशी तो माल थोडा थोडा उलटा डोळ्यावर. तरी सहा वर्षं बुबुळ शाबूत राहिलं कारण न्यूमोकॉकस या जंतूला बुबुळाच्या वरच्या धडधाकट थरातून सहसा आत शिरता येत नाही, त्याला ओरखडा लागतो. फांदीने तो दिला, आणि स्टिरॉइडने राखणदार पण झोपवला. अल्सर खरवडून स्लाइडवर घेतला तर जोडीजोडीने बसलेले निळे-जांभळे गोल जंतू दिसले, दोन दिवसांनी कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) आलं, न्यूमोकॉकस. पिशवीतल्या पुवात पण तोच.

औषध सुरू झालं. सेफाझोलिनचे ५ टक्क्यांचे मुद्दाम बनवलेले कडक ड्रॉप, सोबत मॉक्सिफ्लॉक्सासिन, सुरुवातीला दर अर्ध्या तासाने, रात्रीसुद्धा, बाहुली मोठी करायचे ड्रॉप वेगळे. शुगर २६० निघाली, तिचं वेगळं चालू केलं. चौथ्या दिवशी आतला पू अर्ध्यावर आला, दुखणं कमी, काकू जेवायला लागल्या, आणि मी खूश.

इथे माझी चूक. तिसऱ्याच दिवशी ऑक्युलोप्लास्टीच्या मॅडम बघून गेल्या होत्या आणि स्पष्ट म्हणाल्या होत्या, "ही पिशवी आत्ताच मोकळी करू, तू वरून कितीही ड्रॉप घाल, खालून टाकी चालूच आहे." मी म्हटलं, अल्सर थोडा शांत होऊ दे, शुगर खाली येऊ दे, मग घ्या तुमची. त्यात तथ्य नव्हतं असं नाही, सुजलेल्या भागात भूल नीट चढत नाही, रक्त जास्त जातं, वगैरे. पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात बुबुळ ही माझी केस होती आणि पिशवी ही नंतरची, दुसऱ्या खात्याची गोष्ट होती. मधल्या काळात पिशवी दाबून रिकामी करायची आणि डोळा धुवायचा असं ठरलं, ते सिस्टर दिवसातून चारदा करायच्या, पण रात्री कोण करणार. सातव्या दिवसापासून अल्सर जागच्या जागी थबकला. जंतू मेले होते बहुतेक, पण वरचा थर काही केल्या भरून येईना आणि बुबुळ खालून विरघळत चाललं होतं, कारण पू नुसता जंतूंचा नसतो, त्यात आपल्याच पेशींनी सोडलेली, बुबुळाचं कोलाजेन खाणारी एन्झाइम्स असतात. अकराव्या दिवशी सकाळी काकू म्हणाल्या, "आज दुखत नाहीये, पण गरम पाण्याचा लोट आला बघा एकदम." तेच ते, बुबुळ फुटलं होतं. पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात बघितलं तर अल्सरच्या तळातून पाण्याची बारीक धार रंग धुवत खाली चालली होती. भोक दीड मिमीच्या आतबाहेर.

"पाणी येतंय" याचा हा दुसरा अर्थ. पहिल्यांदा ते न निचरलेले अश्रू होते, आता डोळ्याच्या आतलं पाणी.

अशा वेळी घाईने बुबुळ बदलता येतं, त्याला उपचारासाठीचं रोपण म्हणतात, पण खाली पुवाची पिशवी तशीच आणि वर नवीन बुबुळ म्हणजे नव्या टाक्यांवर पहिल्या दिवसापासून पू. एवढी अक्कल मला तोपर्यंत आली होती. भोक दोनेक मिमीपर्यंत असेल तर सायनोअॅक्रिलेट जातीचा टिश्यू ग्लू चालतो, घरात काही तुटलं की आपण चिकटवतो त्याचाच वैद्यकीय भाऊ. भोकाची कड खरवडून कोरडी केली, सुईच्या टोकाने एक थेंब ठेवला, तो तिथल्या तिथे खडीसारखा घट्ट झाला, वर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ठेवली की पापणीला टोचू नये. हातात थोडे आठवडे आले. दोन दिवसांनी, म्हणजे तेराव्या दिवशी, मॅडमनी पिशवी घेतली. मॅडम "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाल्या नाहीत, त्याने जास्त लागलं.

पिशवीचं काय करायचं यावर पण थोडी चर्चा झाली. पिशवी सरळ काढून टाकता येते, ऑपरेशन छोटं, पुवाचा साठाच गेला, पण मग अश्रूंना वाट कायमची बंद आणि डोळा जन्मभर गळत राहणार. दुसरा मार्ग म्हणजे पिशवी आणि नाक यांच्यामधलं हाड पोखरून थेट रस्ता काढायचा, डीसीआर. वयस्कर पेशंट, वर फुटलेलं बुबुळ, अशा वेळी बरेचजण पिशवी काढूनच टाकतात आणि त्यांना चूक कोण म्हणणार. पण काकूंना पुढे बुबुळ बदलावं लागणार हे दिसतच होतं, म्हणून मॅडमनी डीसीआर आणि तोही नाकातून दुर्बिणीने करायचं ठरवलं, कारण बाहेरून कातडी कापून हूक लावून ओढाताण केली तर शेजारच्या ग्लू लावलेल्या डोळ्यावर दाब आला असता. तसं हे ऑपरेशन जुनं आहे. इटलीच्या टोटींनी १९०४ मध्ये बाहेरून कापून करायची पद्धत मांडली, १९२१ मध्ये द्युप्वी-द्युताँ आणि बुर्गे या फ्रेंच जोडीने पिशवीचं आणि नाकाचं अस्तर एकमेकांना शिवायला सुरुवात केली. नाकातून करायची कल्पना कॉल्डवेलची १८९३ची, म्हणजे टोटींच्याही आधीची, पण आत दिसायचंच नाही तर करणार काय, ती खऱ्या अर्थाने चालायला लागली मॅकडोनो आणि मायरिंग यांनी १९८९ मध्ये दुर्बीण वापरून दाखवल्यावर.

मी त्या दिवशी कोपऱ्यात उभा राहून स्क्रीन बघत होतो. नाकाच्या आतलं गुलाबी अस्तर उचललं, खालचं हाड पंचने कुरतडत कुरतडत काढलं, मग पिशवीची निळसर भिंत फुगून दिसायला लागली. मॅडमनी उभी चीर दिली आणि पिशवीतून जे बाहेर आलं ते सक्शनची नळी दोनदा तुंबवून गेलं. एवढं सगळं एका इंचाच्या आतल्या जागेत सहा वर्षं साठत होतं. दोन्ही भोकांतून सिलिकॉनची बारीक नळी नाकात सोडून गाठ मारली. हाडाचं भोक मोठं का ठेवायचं तर ते बरं होता होता आकसतं, लिंडबर्ग यांनी १९८२ मध्ये मोजून दाखवलेलं आहे की ऑपरेशनच्या वेळचं १२ मिमीच्या जवळपासचं भोक शेवटी सरासरी २ मिमीच्या आत येतं. आणि तेवढं पुरतं.

आणि मग जे झालं ते बघून मला स्वतःचाच राग आला. जो वरचा थर पाच दिवस हलत नव्हता तो पिशवी रिकामी झाल्यापासून आठवडाभरात कडेने आत यायला लागला. औषधं तीच. पाचव्या आठवड्यात ग्लूचा खडा आपोआप निघून आला, खाली पांढरा जाडसर डाग, फूल पडलं म्हणतो ना आपण ते, आणि त्याला आतून चिकटलेली बाहुलीची कड. डोळा वाचला, नजर नाही.

सात आठवड्यांनी नळी काढली. सिरिंजिंग केलं, म्हणजे पापणीच्या भोकात बोथट सुई घालून सलाइन सोडलं. "घशात काही आलं?" "हो, खारट." म्हणजे रस्ता मोकळा. फाइलमध्ये मॅडमच्या अक्षरात लिहिलं गेलं, रस्ता मोकळा, पू नाही, सक्सेस. डीसीआरचे आकडे जगभर छानच असतात, चांगल्या हातात ९० टक्के किंवा वर, आणि यात खोटं काही नाही. पण काकू तिसऱ्या महिन्यात आल्या आणि, हो, तेच वाक्य. रुमाल मुठीत. पू नाही, चिपडं नाहीत, पण पाणी गालावर येतंच.

इथे जरा थांबतो कारण ही गोष्ट पेशंटला कुणी समजावून सांगत नाही आणि मग लोक म्हणतात ऑपरेशन फसलं. अश्रुमार्गाच्या ऑपरेशनचं यश दोन तऱ्हेने मोजतात. एक, पाणी सुईने ढकललं तर जातं का. दुसरं, पाणी स्वतःहून जातं का. डोळ्यातलं पाणी काही फक्त उतारावरून वाहत नाही, दर वेळी पापणी मिटताना पापणीतला स्नायू त्या नळ्या आणि पिशवी दाबतो-सोडतो, पंपासारखं. नळ नवीन बसवला पण पंप ढिला तर काय उपयोग. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत पिवळ्या रंगाचा एकेक थेंब टाकला आणि पाच मिनिटं नुसतं बसवलं. डावा डोळा स्वच्छ, उजव्यात खालच्या पापणीच्या कडेला पिवळी रेघ तशीच भरलेली. मग खालची पापणी चिमटीत धरून खाली ओढली आणि सोडली. ती परत जागेवर जायला पाहिजे पटकन, ही गेलीच नाही, काकूंनी पापणी मिटली तेव्हा कुठे जाऊन टेकली. सहा वर्षं दिवसातून पन्नासदा रुमालाने खाली ओढून ओढून पुसलेली पापणी आहे ती, दुसरं काय होणार! चौथ्या महिन्यात पापणीचा बाहेरचा कोपरा आखडून हाडाच्या अस्तराला टाका घातला, अर्ध्या तासाचं काम, आणि त्यानंतर पाणी बऱ्यापैकी थांबलं, वाऱ्यात गेल्यावर येतं तेवढं. तक्त्यात मात्र या पापणीच्या ऑपरेशनला रकानाच नाही.

नवव्या महिन्यात बुबुळ बदललं. एवढं थांबलो कारण डोळा पूर्ण शांत हवा. आदल्या आठवड्यात परत सिरिंजिंग, परत बोटाने दाबून बघणं, डोळ्याचा स्वॉब, सगळं कोरडं. मुलाने विचारलं, "चान्स किती टक्के?" आता याचं उत्तर देताना मी नेहमी अडखळतो. अमेरिकेतला कॉर्निया डोनर स्टडी म्हणून मोठा अभ्यास आहे, २००८ मध्ये त्याचे पाच वर्षांचे आकडे आले, ८६ टक्के बुबुळं टिकली, आणि दाता ६५च्या आतला असो की वरचा, आकडा तोच. ऐकायला मस्त. पण त्या अभ्यासात पेशंट होते ते मुख्यतः बुबुळाच्या आतल्या थराच्या पेशी कमी झालेले, शांत डोळ्यांचे. इन्फेक्शनमधून फुटलेला, बाहुली चिकटलेला, एका बाजूने रक्तवाहिन्या आत शिरलेला डोळा त्यात बसत नाही. बुबुळाला मुळात रक्तवाहिन्याच नसतात, म्हणूनच शरीराच्या पहारेकऱ्यांना परकं बुबुळ पटकन सापडत नाही, आणि त्या शिरल्या की तो फायदा तेवढा कमी होतो. दोन किंवा जास्त चतुर्थांशांत खोल वाहिन्या असतील तर हाय रिस्क धरतात, काकूंच्या एकातच होत्या. मी म्हटलं ८६ नाही, त्याच्या खाली, किती खाली ते मी छातीठोक सांगू शकत नाही, आणि पहिल्या दोन वर्षांत काही लाल झालं की त्याच दिवशी यायचं. आजकाल आतला फक्त पातळ थर बदलायची ऑपरेशनं आहेत, डच सर्जन मेलेस यांची डीएमईके वगैरे, त्यात शरीराने नाकारायचं प्रमाण खूपच कमी, पण इथे डाग आरपार होता, अख्खी जाडी बदलण्याशिवाय इलाज नव्हता.

ऑपरेशनचं जास्त नाही सांगत. साडेसात मिमीची चकती कापून काढली, चिकटलेली बाहुली सोडवली, मोतीबिंदू पण झालाच होता म्हणून उघड्या डोळ्यातूनच तो काढून लेन्स बसवली. ती पाचदहा मिनिटं कुठल्याही सर्जनला विचारा, डोळा वरून उघडा, वर काहीच नाही, पेशंट नुसता खोकला तरी आतलं बाहेर यायचं. दात्याचं ८ मिमीचं बुबुळ ठेवलं, १६ टाके, नायलॉनचा धागा केसापेक्षा कितीतरी बारीक. माणसात टिकलेलं पहिलं बुबुळ डिसेंबर १९०५ मधलं, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्सला एडुआर्ड झिर्म यांनी केलेलं, चुन्याने दोन्ही डोळे भाजलेल्या मजुराला. त्याला दोन्ही डोळ्यांत बसवलं होतं, टिकलं एकच. तेव्हा ना असा धागा होता, ना स्टिरॉइड, ना ऑपरेशनचा सूक्ष्मदर्शक, मला दर वेळी आश्चर्य वाटतं की ते एक तरी टिकलं कसं.

बुबुळ बदलल्यावर दुसऱ्या महिन्यात चष्म्याशिवाय ६/६० (म्हणजे चांगल्या डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते यांना ६ मीटरवरून), बुबुळ काचेसारखं. तिसऱ्या महिन्यात स्टिरॉइडच्या ड्रॉपने डोळ्याचं प्रेशर २८ झालं, औषधाने आलं खाली. आणि पाचव्या महिन्यात काकू आल्या, "पाणी परत आलंय." कधीपासून? चार दिवस. लाल? थोडं. धूसर? "हो, पण पाणी असलं की धूसर दिसतंच की, सहा वर्षं तसंच दिसायचं मला." म्हणून त्यांनी वाट बघितली. पिशवी परत भरली असेल, पुढच्या तारखेला दाखवू असं घरात ठरलं.

पिशवी ठणठणीत होती. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्रावर बघितलं तर एक टाका सैल होऊन त्याच्या टोकाला चिकट पाणी अडकलेलं, त्या टाक्यापर्यंत एक रक्तवाहिनी चालत आलेली, आणि नवीन बुबुळाच्या मागच्या बाजूला बारीक पांढऱ्या ठिपक्यांची आडवी रेघ, रेघेच्या खाली बुबुळ सुजलेलं, वर अजून स्वच्छ. ही खोदादुस्त रेषा, म्हणजे शरीर परक्या पेशी मारत मारत कडेने पुढे सरकतंय आणि रेघ म्हणजे आघाडी कुठपर्यंत आली ते. बघायला इतकी नीट रेखीव असते की विद्यार्थ्यांना बोलवून दाखवावीशी वाटते, आणि त्याच वेळी पोटात गोळा येतो. टाका काढला, प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचे ड्रॉप दर तासाला, तीन आठवडे. रेघ थांबली, सूज उतरली. पण मेलेल्या पेशी परत येत नाहीत, बुबुळाच्या या आतल्या थरातल्या पेशी माणसात पुन्हा वाढत नाहीत. आयबँकेने दिलं तेव्हा मिमी चौरसाला २६५० होत्या, त्यानंतर मोजल्या तर १४०० च्या घरात. त्यातल्या किती त्या चार दिवसांत गेल्या, कोण सांगणार.

ही चूक काकूंची म्हणून मी सोडून देऊ शकत नाही. आम्हीच त्यांना वर्षभर शिकवलं होतं की पाणी म्हणजे पिशवी, पाणी म्हणजे पापणी, मॅडमकडे जा. बुबुळ बदलल्यावर पाणी या शब्दाचा अर्थ बदललाय हे डिस्चार्ज कार्डावर छापलेलं होतं खरं, "लाली, वेदना, पाणी, धूसर दिसणे", चार शब्द एका ओळीत, पण ज्या बाईला सहा वर्षं पाणी येतंच होतं तिला त्या यादीतला तिसरा शब्द वाचून काय कळणार. तेव्हापासून मी अशा पेशंटना वेगळं सांगतो: चांगला डोळा झाका, या डोळ्याने समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघा, रोज सकाळी, पुसून बघा. काल तारीख दिसत होती आणि आज पुसूनही दिसत नाही तर पाणी असो नसो, निघून या.

टाके हळूहळू काढत सोळाव्या महिन्यात संपले. त्यानंतरचा हिशोब: बुबुळ स्वच्छ, पण वाकडं, सिलिंड्रिकल नंबर साडेसहा. कडक कॉन्टॅक्ट लेन्स घालून ६/९ दिसलं, मी हरखलो, काकूंनी ती लेन्स तीन दिवस घातली आणि डबीत ठेवून दिली. बोटाने डोळ्यात काहीतरी घालायचं म्हटलं की त्यांना ते औषध घालायचे दिवस आठवतात म्हणे. चष्म्याने ६/२४. मी अजून एक छोटं ऑपरेशन सुचवलं वाकडेपणा कमी करायला, त्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मला गालावर पाणी नको होतं, ते थांबलंय. दिसतंय ते पुरे आहे, दुसरा डोळा आहे की." म्हणजे माझ्या तक्त्यात ज्याला मी मुख्य यश धरतो ते त्यांच्या लेखी वरकड, आणि ज्या पापणीच्या टाक्याला रकानाच नाही तो मुख्य. मीटिंगमध्ये मी हे बोललो तर एक जण म्हणाला मग काय रुमाल मोजायचे का. मोजायला हरकत काय आहे, मी म्हटलं, दिवसाला किती वेळा पुसता हा प्रश्न फॉर्मवर टाकायला किती जागा लागते? बघू, असं ठरलं, म्हणजे काही ठरलं नाही. पिशवीचं मात्र ठरलं, बुबुळाचा कुठलाही अल्सर आला की पहिल्याच तपासणीत बोट ठेवायचं आणि पू आला तर त्याच दिवशी मॅडमना दाखवायचं, आणि पिशवी कधी घ्यायची ते मॅडम सांगतील, मी नाही.

परवा काकू परत आल्या, बुबुळ बदलून दोन वर्षं झाल्याच्या तपासणीला. बसल्या आणि मी काही विचारायच्या आत, "पाणी परत आलंय, पण कॅलेंडर दिसतंय हां." मी तरी सगळं ओळीने बघितलं. पिशवी दाबली, काही नाही. सिरिंजिंग, खारट. पापणी ओढून सोडली, टपकन जागेवर. बुबुळ स्वच्छ, रेघ नाही, टाके नाहीतच आता, प्रेशर १६. मग भिंग जवळ नेऊन खालच्या पापणीची कड बघितली तर दोन केस आत वळून डोळ्याला घासत होते. चिमट्याने उपटले. महिना दीड महिन्यात परत उगवतील, तेव्हाची तारीख देऊन ठेवलीये.